रंगमंच आणि वही : संगीतशाळेतील विद्यार्थ्यांचा अभ्यास

संगीतशाळेच्या वार्षिक समारंभात विद्यार्थी गातात, वाजवतात आणि पालक कौतुकाने ऐकतात. त्याच विद्यार्थ्यांनी वर्षभर केलेली टिपणे, बंदिशींची स्वरलेखने आणि लघुप्रबंध मात्र परीक्षकाची सही झाली की कपाटात जातात. गाणे लोकांसमोर मांडायचे आणि अभ्यास गुणांपुरता ठेवायचा, ही वाटणी योग्य आहे का?

ग्वाल्हेरचा दाखला याविरुद्ध जातो. १९१४ मध्ये कृष्णराव शंकर पंडित यांनी येथे संगीतशाळा काढली. १९१८ मध्ये माधवराव शिंदे यांच्या आश्रयाने व विष्णू नारायण भातखंडे यांच्या मार्गदर्शनाखाली माधव संगीत विद्यालय सुरू झाले. त्यासाठी राजाभैया पूछवाले यांच्यासारखे तयारीचे गायक मुंबईला जाऊन भातखंड्यांची स्वरलेखनपद्धती शिकून आले. गळ्यातली विद्या वहीत उतरवणे हे वेगळे कौशल्य आहे, हे त्यांनी ओळखले होते. भातखंड्यांची मराठीतील ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’ तर गुरुशिष्यसंवादाच्या रूपात आहे. तिथे शिष्याने विचारल्याशिवाय विषय पुढे सरकत नाही.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, एका विद्यार्थिनीला गुरूंकडून मिळालेली बंदिश छापील पाठाहून निराळी आहे. मुखड्याची मात्रा वेगळी, ब्रज भाषेतला एखादा शब्दही बदललेला. बहुधा आपण शिक्षक लगेच ‘हे चूक’ म्हणून दुरुस्ती करतो. पण तो बदल विसरण्यातून आला, मराठी उच्चारामुळे आला, की घराण्याने जाणीवपूर्वक राखला? हा प्रश्न भाषेच्या अभ्यासकाचाही आहे. दुरुस्ती घाईने झाली, तर पुरावाच पुसला जातो.

म्हणून समारंभात गायनाआधी पाच मिनिटे विद्यार्थ्याला द्यावीत. दोन्ही पाठ शेजारीशेजारी लिहून लावावेत. कोणता पाठ निवडला आणि का, हे त्याने सांगावे. श्रोत्यांनी एकदोन प्रश्न विचारावेत. विद्यार्थ्याने स्वतः रचना केली असेल, तर पहिला खर्डाही दाखवावा. बंदिश कोणाकडून, केव्हा मिळाली याची नोंद हवीच. मात्र गुरूंची संमती नसेल तर स्वरलेखन भिंतीवर लावू नये.

महाराष्ट्राबाहेरील मराठी विद्यार्थ्याला आणखी एक काम सहज जमण्यासारखे आहे. भातखंड्यांचा ग्रंथ पुष्कळ ठिकाणी हिंदी अनुवादातून वाचला जातो. मूळ मराठी आणि अनुवाद यांतील एकाच प्रकरणाची तुलना करणे हा चांगला लघुप्रबंध होईल. घरची मराठी आणि शाळेची हिंदी या दोन्ही त्याला येतात. इतरांना हे सोपे नाही.

तयार गाणे ऐकून विद्यार्थी काय शिकला हे कळते. तो कसा शिकला आणि कुठे अडला, हे वहीत असते. पुढच्या वर्गाला उपयोग त्याचाच अधिक आहे.