चिंताग्रस्त विद्यार्थी आणि मंडळी

शास्त्रपाठ : फिलिप्पैकरांस पत्र 2:25-30, 4:4-14



फिलिप्पैकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायातील सहावे वचन आपल्या शब्बाथ शाळेतील लहान मुलांनाही पाठ असते. चिंता सोडून सर्व काही प्रार्थनेने देवाला कळवावे, हा त्याचा भाव. हेच मूल मोठे होऊन कॉलेजात जाते आणि एके दिवशी म्हणते, "मला फार भीती वाटते, रात्री झोप लागत नाही." तेव्हा आपण तेच वचन त्याच्यापुढे ठेवून बोलणे संपवतो. आपला विश्वासच कमी पडला असे त्या मुलाला वाटते. पुढच्या वेळी ते आपल्याला काही सांगतच नाही. म्हणून आज या वचनाकडे दुसऱ्या अध्यायाच्या वाटेने जाऊ या.

1. एपफ्रदीताची तळमळ

फिलिप्पै येथील मंडळीने बंदिवासातील पौलाकडे मदत देऊन ज्याला पाठवले, तो हा बंधू. घरापासून दूर तो इतका आजारी पडला की मरता मरता वाचला. आपले दुखणे आपल्या माणसांना कळले, याचीच त्याला तळमळ लागली (2:26). बाहेरगावी शिकणाऱ्या कितीतरी मुलांचे असेच होते. आईबाबा काळजी करतील म्हणून ती गप्प राहतात. त्याच्या या व्याकुळतेसाठी मूळ ग्रीकमध्ये जे क्रियापद आहे, तेच मत्तय 26:37 मध्ये गेथशेमाने येथे प्रभू येशूविषयी आले आहे. जी अवस्था निष्पाप प्रभूने सोसली, तिला आपण अविश्वास कसे म्हणावे?

2. ही अवस्था किती जणांची?

जागतिक आरोग्य संघटनेच्या एका उपक्रमात 8 देशांतील 19 विद्यापीठांत पहिल्या वर्षाच्या सुमारे 14 हजार विद्यार्थ्यांची पाहणी झाली. तिचे निष्कर्ष 2018 साली प्रसिद्ध झाले. मागील बारा महिन्यांत जवळजवळ तिघांतील एकाला कोणता ना कोणता मानसिक विकार झाल्याचे त्यात दिसले. उदासीनता आणि चिंताविकार हे त्यांत प्रमुख होते. त्या देशांत भारत नव्हता. पण आपल्या देशात 2022 या एका वर्षात 13 हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची सरकारी नोंद आहे.

आमच्या वांकिडीकडची मुले आसिफाबाद, कागजनगर, चंद्रपूर, हैदराबाद येथे शिकायला जातात. घरात मराठी, बाजारात आणि कचेरीत तेलुगू, पदवीची पुस्तके इंग्रजी. फी कापसाच्या पैशातून भरलेली; नापास झालो तर घरी कोणत्या तोंडाने जावे, हे ओझे निराळेच.

3. मंडळीचे काम

एपफ्रदीत परत आला, तर त्याला आनंदाने स्वीकारा व त्याचा मान राखा, असे पौल लिहितो (2:29). आणि चिंतेविषयीची ती आज्ञा मूळ भाषेत अनेकवचनी आहे. ती सर्व मंडळीला मिळून दिली आहे. त्याच अध्यायात, आपल्या संकटात सहभागी झाल्याबद्दल पौल मंडळीची वाखाणणी करतो (4:14). तेव्हा प्रार्थना करावीच, परंतु त्या मुलाजवळ बसून करावी.

(अ) सुट्टीत आलेल्या मुलाला मंदिराच्या दारातच गुण विचारू नयेत. "जेवतोस ना? झोप लागते ना?" असे विचारावे आणि उत्तर शेवटपर्यंत ऐकावे.

(आ) परीक्षेपूर्वी थोडी धडधड सर्वांनाच होते. पण भीती आठवडेच्या आठवडे जात नसेल, जेवण, झोप, अभ्यास बिघडत असेल, तर डॉक्टरांकडे न्यावे. 'टेली-मानस' ही सरकारची मोफत दूरध्वनी सेवा ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे, क्रमांक 14416. जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा ऐकू आली तर त्या मुलाला एकटे सोडू नये.

(इ) शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांत समुपदेशक असावा, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये सांगितले आहे. पालकांनी कॉलेजात त्याची चौकशी करावी.

विचारासाठी प्रश्न

1. आपल्या मंडळीतील किती मुले बाहेरगावी शिकतात? त्यांची नावे आपल्याला सांगता येतील काय?
2. शिक्षण अर्धवट सोडून आलेल्या मुलाला आपण एपफ्रदीतासारखे स्वीकारू काय?

प्रभू आपल्याला ऐकणारे कान देवो. आमेन.