चल गं बाय, पाय मोकळे करू

“दिवसभर पायाला भिंगरी असते, मला वेगळा व्यायाम कशाला?” असं तू नेहमी म्हणतेस. तुझं घरकाम मोजायचंच, त्याला कुणी कमी लेखू नये. पण मोठी बहीण म्हणून एक सांगते. आईच्या पिढीचं काम वेगळं होतं. तिने विहिरीचं पाणी शेंदलं, पावसात गुडघाभर चिखलात भाताची लावणी केली. कोळीणमावशी मासळीची पाटी डोक्यावर घेऊन गावोगाव पायी फिरायची. आता घरात नळ आला, मिक्सर आला, दारात स्कूटी आली. आलं ते फार बरं झालं. त्या कष्टांत बायका झिजून गेल्या. पण कष्टांबरोबर हालचालही गेली आणि ताटातला भात मात्र तेवढाच राहिला.

हे घरोघरचं आहे. २०२२ सालच्या अंदाजानुसार भारतातल्या सुमारे ५७ टक्के प्रौढ बायकांची पुरेशी हालचाल होत नाही. पुरुषांत हेच प्रमाण ४२ टक्के आहे. लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरचा एक जुना अभ्यास १९५३ साली प्रसिद्ध झाला. दिवसभर बसून असलेल्या ड्रायव्हरांपेक्षा जिने चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी आढळला.

चालताना मांड्यांचे, पोटऱ्यांचे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात. म्हणून जेवणानंतर अंगणात दहा-पंधरा मिनिटं घातलेल्या फेऱ्याही कामी येतात. रक्तदाब आटोक्यात राहतो, झोप लागते, मनावरचं मळभ कमी होतं. स्तनांच्या आणि आतड्याच्या कर्करोगाचा धोकाही घटतो.

प्रत्येक वयाची गरज निराळी असते. हाडांची भक्कम पुंजी साधारण तिशीपर्यंतच साठते. म्हणून लेकीला पाळी आली की तिची कबड्डी बंद करू नकोस. आपल्या रायगडात गावोगावी कबड्डीचे संघ आहेत, तिलाही मैदान मिळू दे. पाळी जाते तेव्हा हाडं झपाट्याने विरळ होऊ लागतात, स्नायू तर त्याआधीपासूनच उतरतात. तेव्हा नुसतं चालणं पुरत नाही, ताकदही लागते. सरळ पाठीच्या खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा ऊठबस कर, भिंतीला हात लावून जोर काढ. सासूबाईंना ओट्याला धरून एका पायावर उभं राहायला शिकव, तू जवळ थांब. म्हातारपणी तोल सांभाळता आला तर पडणं टळतं आणि खुब्याचं हाड वाचतं.

किती करायचं? जागतिक आरोग्य संघटना सांगते, आठवड्याला किमान १५० मिनिटं, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास, आणि दोन दिवस ताकदीचे व्यायाम. चालताना गप्पा मारता याव्यात, पण गाणं म्हणता येऊ नये, एवढा वेग हवा. सलग जमत नसेल तर दहा-दहा मिनिटं चाल.

आपल्याला देवाने पुळण दिली आहे. ओहोटीची ओली, घट्ट वाळू चालायला उत्तम; वरच्या भुसभुशीत वाळूत गुडघे-घोटे दुखतात. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास सकाळ-संध्याकाळ ओहोटी असते. रोज ती पाऊण तासाहून थोडी जास्तच पुढे सरकते आणि अष्टमीच्या आसपास त्याच वेळी भरती येते. तेव्हा तिथी बघून ठरव. भरतीला वाडीतल्या रस्त्याने जा आणि पावसाळ्यात किनारा सोडून ओटीवर सूर्यनमस्कार घाल. मधुमेह असेल तर मात्र वाळूत अनवाणी जाऊ नकोस. पायाची संवेदना कमी झाली की शिंपला रुतलेलाही कळत नाही. चालताना छातीत दुखत असेल, लगेच धाप लागत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखव.

आणि एक कानात सांगते. बाळंतपणानंतर शिंकताना, भरभर चालताना लघवी निसटते, म्हणून कितीतरी जणी घराबाहेर पडत नाहीत आणि कुणाला बोलतही नाहीत. लाजू नकोस, याला उपाय आहे. लघवी रोखताना जे स्नायू आवळतो, ते एरवी बसल्या-बसल्या आवळायचे, पाच सेकंद धरायचे, सैल सोडायचे. दहा वेळा, दिवसातून तीनदा. दोन-तीन महिने नेटाने केलं की बहुतेकींना फरक पडतो. नाहीच पडला तर डॉक्टरांशी मोकळेपणाने बोल.

एकटीने निघायला संकोच वाटत असेल तर जावेला हाक मार, शेजारणीला घे. लोक चार दिवस बघतील, पाचव्या दिवशी त्यातलीच एखादी सोबत येईल. पण बाय, घरच्यांची सगळी कामं उरकली की मग जाईन, असं म्हणू नकोस, कारण ती कधीच उरकत नाहीत. दिवसातला अर्धा तास तुझा आहे. तो आजपासून घे.