व्हिटॅमिनच तर आहे!

मीरा रोडच्या सिल्व्हर पार्कात राहणाऱ्या माणसाला दोन गोष्टी चप्पल न घालता मिळतात: मेडिकलमधली गोळी आणि शेजारचा सल्ला. पहिली फोनवर घरपोच येते, दुसरा लिफ्टमध्ये भेटतो. मी साठीकडे झुकलेली. गुडघे कुरकुरतात, रात्री पोटरीत गोळे येतात आणि दुपारी चारनंतर कशात राम वाटत नाही. त्यामुळे या दोन्ही सोयींचा मी मनसोक्त लाभ घेत आले आहे. त्यातून जे उमगत गेलं, ते हे असं.

१. ‘औषध’ म्हटलं नाही की भीती जाते. आजीच्या बटव्यात सुंठ, ओवा, हळकुंड असायचं. आमच्या पिढीच्या बटव्यात कॅल्शियम, डी, बी-ट्वेल्व्ह, मॅग्नेशियम आणि झिंक आहे. बीपीची गोळी शेजारणीला कुणी देत नाही, पण कॅल्शियमची अर्धी स्ट्रिप वाटीभर साखरेसारखी या दारातून त्या दारात जाते. समोरच्या भाभींचं म्हणणं ठरलेलं: “व्हिटॅमिन ही तो है, दवा थोडी है!” गंमत म्हणजे यातल्या बऱ्याच बाटल्यांना हे मान्यच असतं. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमानुसार अशा पूरक पदार्थांच्या वेष्टनावर ‘औषधी वापरासाठी नाही’ असं छापावंच लागतं. आपण मात्र ते घेतो गुडघ्यासाठी, झोपेसाठी, केसांसाठी. म्हणजे औषध म्हणूनच. छापलेलं ते वाक्य वाचायला चष्मा लागतो, आणि गोळी घ्यायला लागत नाही.

२. ऊन भरपूर असलं तरी ते आपल्या वाट्याला येतंच असं नाही. मीरा रोडला घामाची कमतरता नाही, तरी आमच्या इमारतीत ज्यांनी ज्यांनी तपासलं त्यांचं डी कमीच निघालं. मी रोज सकाळी खिडकीच्या बंद काचेआड चहा घेत ‘कोवळं ऊन खाते’ असं समाधान मानायचे. पण डी तयार करणारे किरण काच ओलांडत नाहीत, आणि कोवळ्या उन्हात ते फारसे नसतातच. ते असतात भर दुपारी, जेव्हा आपण पडदे ओढून पंख्याखाली आडवे झालेलो असतो. मग येते साठ हजार युनिटची पुडी. ती साधारण आठवड्याला एक, आठ आठवडे, अशी लिहून दिलेली असते. कोर्स संपतो, पण कागद संपत नाही. त्याच चिठ्ठीवर वर्षानुवर्षं पुड्या येत राहतात. हे जीवनसत्त्व चरबीत साठतं. जास्त झालं की रक्तातलं कॅल्शियम चढतं; मग मळमळ, बद्धकोष्ठ, सारखी तहान, मुतखडा. यातलं काहीही झालं तरी आपण त्यावर आणखी एक घरगुती उपाय शोधतो.

३. खरी कमतरता असेल तर गोळी खरंच गुण देते. हे मला मान्य करावं लागलं, आणि तेही आमच्याच घरात. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये पुणे परिसरातल्या ४४१ पुरुषांच्या तपासण्या प्रसिद्ध केल्या. त्यांत ६७ टक्क्यांचं बी-ट्वेल्व्ह कमी होतं; शहरी मध्यमवर्गात तर ८१ टक्क्यांचं. शाकाहाऱ्यांना धोका मांसाहाऱ्यांच्या चौपटीहून जास्त. ते ऐकून मी निर्धास्त झाले, कारण आमच्याकडे उत्तनचे बोंबील वर्षभर असतात. पायांना मुंग्या आल्या त्या मात्र आमच्या ह्यांच्या, आणि बी-ट्वेल्व्ह तळाला गेलेलं निघालं तेही ह्यांचंच. डॉक्टरांनी बोंबलांबद्दल विचारलंच नाही. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किती वर्षं चालू आहे, ते विचारलं. ती गोळी बराच काळ घेतली की आतड्यातून बी-ट्वेल्व्ह नीट शोषलं जात नाही. उपचार सुरू झाले, मुंग्या हळूहळू कमी झाल्या. तेव्हा ‘हे सगळं थोतांड आहे’ म्हणायची माझी सोय गेली.

४. गोळीच्या आधी ताट बघायचं असतं, हे मुंबईनं जगाला शिकवलेलं आहे. १९२८ मध्ये ल्यूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या. गिरण्यांत राबणाऱ्या गरोदर बायका एका विचित्र पंडुरोगानं दगावत होत्या. परळच्या हाफकिन संस्थेत काम करताना या बाईंनी त्या बायका काय खातात, कशा राहतात, याचा शोध घेतला. शेवटी उपाय सापडला तो पावाला लावून खायच्या एका स्वस्त, काळपट यीस्टच्या अर्कात. १९३१ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. त्या अर्कातला गुणकारी घटक म्हणजे फोलेट, आज प्रत्येक गरोदर बाईला मिळणारं फॉलिक ॲसिड. पण याच फॉलिक ॲसिडची एक खोड आहे. कमतरता बी-ट्वेल्व्हची असताना नुसतं तेच घेत राहिलं, तर रक्ताचा रिपोर्ट सुधारतो आणि नसांची हानी आतल्या आत चालू राहते. रिपोर्ट छान, माणूस बिघडलेला. ‘सगळं असलेली एकच गोळी घ्या, काही ना काही लागू पडेल’ या सल्ल्याला मी तेव्हापासून जरा घाबरते.

५. एका मुठीतल्या गोळ्यांचं एकमेकींशी पटत नाही. माझी पद्धत सुटसुटीत होती: चहाबरोबर सगळ्या एकदम. पुढे कळलं, की चहा लोहाला शोषू देत नाही, कॅल्शियम लोहाच्या आड येतं, आणि थायरॉइडच्या गोळीला कॅल्शियम आणि लोह ही दोन्ही चार तास तरी लांब हवी असतात. लोहाचं जमतं ते लिंबाशी. सगळ्यांत चकित केलं बायोटिननं. थायरॉइडच्या तपासणीला गेले, तर रक्त घेणाऱ्या मुलीनं विचारलं, “काकू, केसांच्या गोळ्या घेता का?” मला वाटलं, माझ्या भांगाकडे बघून बोलते आहे. तिचा प्रश्न शास्त्रीय होता. बायोटिनचा डोस मोठा असेल तर थायरॉइडचे आकडे चुकीचे येऊ शकतात. हृदयविकाराच्या झटक्यासाठी जी ट्रोपोनिन चाचणी करतात, तीसुद्धा फसू शकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१७ मध्ये तसा इशारा दिला होता.

६. श्रेय कुणाला द्यायचं, हा जुनाट दुखण्यातला सर्वांत अवघड हिशेब. पायांत गोळे येतात म्हणून भाभींनी अमेरिकेतल्या मुलाकडून आलेली मॅग्नेशियमची बाटली दिली. त्या आठवड्यात मी शांत झोपले. बाटलीचा जयजयकार झाला. पुढे कधीतरी गोळे परत आले, बाटली चालू असतानाच. वयस्कर माणसांच्या पेटक्यांवर मॅग्नेशियमचा फारसा उपयोग होत नाही, असाच निष्कर्ष कोक्रेन या संस्थेनं २०२० मध्ये सगळे अभ्यास एकत्र तपासून काढलेला आहे. मग ती झोप कुठून आली? विचार केल्यावर लक्षात आलं, की जुनं दुखणं भरती-ओहोटीसारखं असतं. आपण मेडिकल गाठतो ते भरतीच्या दिवशी. त्यानंतर पाणी उतरणारच असतं. उतरलं की गोळी जिंकली. ती नसती घेतली तर काय झालं असतं, हे आपल्या एकट्याच्या शरीरावर कधीच कळत नाही. त्यासाठी हजारो माणसं लागतात. अमेरिकेत २५,८७१ लोकांवर अशी पाहणी झाली. अर्ध्यांना रोज डी, अर्ध्यांना तशीच दिसणारी पोकळ गोळी. हाडं मोडण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही, असं २०२२ मध्ये जाहीर झालं. मात्र ही माणसं ‘डी कमी’ म्हणून निवडलेली नव्हती. मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे शेवटचं वाक्य. जिथे उणीव नाही, तिथे भर घालून काही वाढत नाही.

७. ज्या तक्रारीसाठी गोळी घ्यावी, तीच तक्रार गोळी देऊ शकते. ‘नसांच्या ताकदीच्या’ कॅप्सूलमध्ये बहुधा बी-सिक्स असतं. त्याचा मोठा डोस फार दिवस चालला तर हातापायांना मुंग्या येतात. मुंग्या वाढल्या म्हणून आपण कॅप्सूल वाढवतो. करोनाच्या काळात सवय लागलेल्या झिंकचंही तसंच: जास्त आणि सतत घेतलं तर शरीरातलं तांबं घटतं आणि त्यातून पंडुरोग होऊ शकतो. शिवाय नावं वेगळी, रंग वेगळे, पण मागचा बारीक मजकूर जवळजवळ सारखा, अशा दोन बाटल्या एका वेळी चालू असणं आमच्याकडे नवलाचं नाही. एक ह्यांनी आणलेली, एक मी.

८. सर्वांत यशस्वी पूरक आपण कधी मोजतच नाही. मीरा-भाईंदरची जुनी ओळख म्हणजे मिठागरं. मला वाटायचं, समुद्राचं मीठ म्हणजे त्यात आयोडीन आलंच. प्रत्यक्षात साध्या समुद्री मिठात ते अगदी नगण्य असतं. वरून घालावं लागतं. १९५० च्या दशकात हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी आयोडीनयुक्त मीठ देऊन गलगंड कमी होतो हे दाखवलं, आणि १९६२ मध्ये देशाचा गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. मिठाच्या दहा लाख भागांत जेमतेम १५ भाग आयोडीन ग्राहकाच्या हाती पोचलं की पुरतं. उणीव आधी ओळखली, मात्रा मोजली, आणि मग ती सगळ्यांच्या ताटात गेली. चमकदार बाटली नाही, लिफ्टमध्ये चर्चा नाही. आमच्या डब्यातल्या एकाही गोळीला एवढी शिस्त नाही. तीच गोष्ट नाचणीची: शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम, आणि मोठ्या माणसाची दिवसाची गरज हजाराची. माझ्या आईनं भाकरी थापताना हा हिशेब कधी केला नाही. मी करते, आणि तरी गोळी घेते. भाकरी थापायला गुडघे दुखतात म्हणून.

९. सल्ला नाकारता येतो, पण त्यामागची माया नाही. जुनाट दुखण्याचा लोकांना कंटाळा येतो. घरातले ‘कसं वाटतंय?’ विचारणं सोडून देतात, कारण उत्तर तेच असतं. अशा वेळी कुणीतरी बाटली घेऊन दारात उभं राहतं, म्हणजे तुमचं दुखणं त्यांच्या लक्षात आहे. भाभींच्या मॅग्नेशियमनं गोळे थांबले नाहीत, पण ती बाटली मला कुठल्याच तपासणीत न दिसणारं काहीतरी देऊन गेली. आता मी बाटली ठेवून घेते, चहा टाकते आणि विचारते, “रिपोर्ट केला होता का?” बहुतेक वेळा केलेला नसतो.

तुमच्या घरातली नावं वेगळी असतील, गोळ्यांचे रंगही. एक मात्र सगळीकडे सारखं असणार. डॉक्टर विचारतात, “सध्या कोणत्या गोळ्या चालू आहेत?” आपण बीपीची सांगतो, थायरॉइडची सांगतो आणि थांबतो. कारण बाकीची व्हिटॅमिनंच तर असतात. यादी तिथे थांबवू नका. शेजारणीनं दिलेलीही सांगा.