कावेरीकाठचे मराठी नृत्य

सुरगाण्याच्या डोंगराळ मुलखात पावरीचा सूर घुमू लागला, की वाडीवाडीतील माणसे अंगणात जमतात. वाळलेला भोपळा व बांबूच्या नळ्या यांपासून बनविलेल्या त्या साध्या वाद्याच्या तालावर तरुण व म्हातारे एकाच फेरात पावले टाकतात. बोहाड्याच्या दिवसांत गावकरी देवदेवतांचे मुखवटे चढवून रात्री सोंगे नाचवितात. येथे नाच ही केवळ करमणूक नाही. साऱ्या गावाला एकत्र गुंफणारा तो धागा आहे.

याच तालुक्यातील पुष्कळ कुटुंबे द्राक्षांच्या मळ्यांत कामासाठी दिंडोरी-निफाडकडे जातात. परगावी जाणारा मनुष्य बरोबर शिदोरी घेतो, त्याचप्रमाणे आपली भाषा, आपली गाणी व आपल्या पावलांचा तालही घेऊन जातो. मुलांनो, नव्या ठिकाणी या तालाचे काय होते? तो मनातच कोंडून राहतो, की शेजाऱ्यांनाही आपल्या फेरात ओढून घेतो? या प्रश्नाचे उत्तर आपल्याच इतिहासात सापडते. त्यासाठी आपणांस दूर दक्षिणेस, कावेरी नदीच्या काठी असलेल्या तंजावरास गेले पाहिजे.

शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी इ. स. १६७५ च्या सुमारास तंजावर येथे आपले राज्य स्थापिले. त्यांच्याबरोबर व त्यांच्या मागोमाग अनेक मराठी कुटुंबे त्या प्रांती गेली व तेथेच स्थायिक झाली. तेथील प्रजा तमिळ बोलणारी होती. दरबारात पूर्वीपासून तेलुगू काव्याचा मान होता. देवळांतून व राजसभेतून नृत्याची जुनी परंपरा चालत आलेली होती. मराठे तेथे राज्यकर्ते म्हणून गेले होते. तेथील कला मोडून आपलीच चाल लोकांवर लादावी, असे त्यांच्या मनात आले असते, तर त्यांना अडविणारे कोण होते? परंतु त्यांनी तसे केले नाही. ते त्या कलेचे रसिक झाले, आश्रयदाते झाले आणि पुढे तिचे विद्यार्थीही झाले.

व्यंकोजीराजांचे पुत्र शहाजीराजे यांनी मराठीबरोबर तेलुगू भाषेतही नाट्यरचना केली. तुळजाराजे (इ. स. १७२८ ते १७३६) यांनी ‘संगीतसारामृत’ हा संस्कृत ग्रंथ रचिला, त्यात गायनाबरोबर नृत्याचेही विवेचन आहे. राजा स्वतः लेखणी हाती घेऊन प्रजेच्या कलेचा अभ्यास करतो, ही गोष्ट लहान नव्हे.

या घराण्यातील सर्वांत विद्याप्रेमी राजे म्हणजे दुसरे सरफोजी. त्यांनी इ. स. १७९८ ते १८३२ पर्यंत राज्य केले. इ. स. १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार इंग्रजांच्या हाती गेला व राजांची सत्ता तंजावरचा किल्ला व आसपासचा परिसर एवढ्यापुरतीच उरली. सत्ता गेली, तरी सरफोजीराजे खचले नाहीत. त्यांनी सरस्वती महाल ग्रंथालय समृद्ध केले आणि नृत्यासाठी मराठीत रचना केल्या. या रचनांना ‘निरूपण’ म्हणतात. एका निरूपणात एकच कथा घेतलेली असते व आरंभीच्या ‘जय जय’पासून शेवटच्या ‘मंगला’पर्यंत एकामागून एक येणाऱ्या अठरा निरनिराळ्या रचनांतून ती उलगडत जाते. शब्द मराठी, राग कर्नाटक संगीतातील आणि नृत्य तमिळ भूमीतील! या संगमात कोण पाहुणा व कोण यजमान, हे सांगणे कठीण आहे.

‘देवेंद्र कुरवंजी’ हे सरफोजीराजांचे नृत्यनाट्य तर विशेष मौजेचे आहे. कुरवंजी म्हणजे डोंगरात राहणारी, हात पाहून भविष्य सांगणारी स्त्री. तमिळ लोकांच्या आवडीचे हे पात्र राजांनी मराठीत आणिले आणि तिच्या मुखाने जगाचा भूगोल सांगितला. नृत्य पाहता पाहता प्रेक्षकांना देशोदेशींची माहिती मिळावी, ही केवढी कल्पक योजना!

सरफोजीराजांच्या दरबारातच चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् व वडिवेलू हे चौघे तमिळ बंधू पुढे आले. ते ‘तंजावरचे चार बंधू’ म्हणून प्रसिद्ध आहेत. अलारिप्पूने आरंभ करून तिल्लानाने शेवट करावयाचा, असा नृत्याच्या सादरीकरणाचा क्रम त्यांनी बसविला. आज ज्याला आपण भरतनाट्यम् म्हणतो, त्या नृत्यात अजूनही बहुधा हाच क्रम पाळतात.

देणे एकाच बाजूने झाले नाही. मराठी कीर्तनकारांची शैली तमिळ हरिकथाकारांनी उचलली; साकी, दिंडी, ओवी, अभंग यांच्या चाली तमिळ कथेत मिसळून गेल्या.

पुढे इ. स. १८५५ मध्ये दुसरे शिवाजीराजे पुत्र नसताना निवर्तले व कंपनी सरकारने राज्य खालसा केले. आश्रय तुटल्यावर कलावंतांची दैना झाली. परंतु या कथेला एक सुंदर वळण आहे. इ. स. १८८० मध्ये तंजावरच्या राजकन्येचा विवाह बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांच्याशी झाला. तिच्याबरोबर नर्तकी, नृत्यगुरू व वादक यांचा एक ताफाही बडोद्यास आला. एके काळी मराठी माणसे तमिळ देशात नवखी होती. आता तमिळ कलावंत मराठी राजाच्या नगरीत नवखे होते. ते तेथे रुजले. त्यांच्यापैकी एका घराण्यातील कुबेरनाथ तंजोरकर यांनी पुढे बडोद्याच्या विद्यापीठात अनेकांना नृत्य शिकविले.

येथे एक कटू सत्यही सांगितले पाहिजे. ज्या स्त्रियांनी पिढ्यान्‌पिढ्या ही कला जपली, त्यांना समाजाने मान दिला नाही. मुलींना देवाला वाहण्याची अनिष्ट रूढी मद्रास प्रांतात इ. स. १९४७ च्या कायद्याने बंद झाली, हे योग्यच झाले. परंतु रूढीबरोबर त्या कलावतींची कलाही लोकांनी हीन मानली. इ. स. १९३६ मध्ये रुक्मिणीदेवींनी मद्रास येथे कलाक्षेत्राची स्थापना केली व ही कला अनेक घरांतील मुलांमुलींना खुली झाली. तथापि रुक्मिणीदेवींचे गुरूही जुन्या परंपरेतीलच होते, हे विसरून चालणार नाही. कलेचा गौरव करावा आणि ती जपणाऱ्यांना विसरावे, ही कृतघ्नता होय.

सरफोजीराजांची मराठी निरूपणे दीर्घकाळ पोथ्यांतच पडून होती. मुंबईचे नृत्यगुरू आचार्य पार्वतीकुमार यांनी त्यांचा अभ्यास करून ती पुन्हा रंगमंचावर आणिली. त्यांच्या शिष्या सुचेता भिडे-चापेकर यांनी ती रसिकांसमोर सादर केली. कावेरीकाठी गेलेले मराठी शब्द अशा रीतीने नाचत नाचत घरी परतले.

आज लंडन, सिंगापूर, अमेरिका येथे राहणाऱ्या भारतीयांची मुलेही भरतनाट्यम् शिकतात. परदेशातील शेजारी त्यांचे नृत्य पाहावयास येतात व त्यांतून ओळख वाढते. तंजावरच्या अनुभवाचा अर्थही हाच आहे. नव्या गावी आपले जतन करावे, शेजाऱ्याचे आदराने शिकावे आणि दोन्ही मिळून काही नवे घडवावे. उद्या तुमच्या वर्गात दुसऱ्या गावाहून एखादा मुलगा आला, तर त्याला आपला नाच शिकवा आणि त्याचाही शिकून घ्या. फेर जितका मोठा, तितका त्यातला आनंद मोठा.

अभ्यास

१. तंजावरच्या मराठी राजांनी तेथील कलेविषयी कोणती वृत्ती दाखविली? उदाहरणे देऊन लिहा.
२. ‘निरूपण’ म्हणजे काय? त्यात कशाकशाचा संगम झाला आहे?
३. ‘एके काळी मराठी माणसे नवखी होती, आता तमिळ कलावंत नवखे होते.’ हे विधान स्पष्ट करा.
४. तुमच्या गावातील एखाद्या नाचाची माहिती वडीलधाऱ्यांना विचारून दहा ओळींत लिहा.