होडीची नवी टाकी

सह्याद्रीत राजमाचीच्या परिसरात उगम पावणारी उल्हास नदी कर्जतवरून वाहत वाहत बदलापुरास येते. मांजर्ली हा याच बदलापूर शहराचा एक भाग. उन्हाळ्यात शांत दिसणाऱ्या या नदीचे रूप पावसाळ्यात मात्र पार पालटते. २६ जुलै २०१९ च्या रात्री या भागात मुसळधार पाऊस कोसळला. मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान पुराच्या पाण्याने वेढली गेली. दुसऱ्या दिवशी राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल व नौदल यांची पथके होड्या घेऊन तेथे पोहोचली. आसपासच्या गावकऱ्यांनीही हातभार लावला आणि सुमारे १०५० प्रवासी सुखरूप बाहेर आले.

पुराच्या पाण्यात होडीचा मोठा आधार असतो. परंतु यंत्रावर चालणारी होडी ऐन प्रवाहात बंद पडली तर काय होईल? होडी पाण्याला कापीत पुढे जात असेल तोवरच सुकाणू तिला वळवू शकते. यंत्र थांबले, की होडी पाण्याबरोबर वाहू लागते आणि सुकाणू असून नसल्यासारखे होते. म्हणून होडीच्या यंत्राइतकीच त्याला इंधन पुरविणारी टाकीही महत्त्वाची आहे.

लहान यंत्रहोड्यांच्या टाक्या दोन प्रकारच्या असतात. काही टाक्या सुट्या असतात. त्या उचलून काठावर आणता येतात आणि तेथेच भरता येतात. दुसऱ्या प्रकारची टाकी होडीच्या फळ्यांखाली कायमची बसविलेली असते. ती डोळ्यांआड असल्यामुळे तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही, आणि जुन्या होडीत खरा धोका असतो तो येथेच.

धातूची टाकी बहुधा खालच्या बाजूने झिजते. होडीच्या तळाशी थोडेफार पाणी साचतेच. टाकीखाली पाणी शोषून धरणारा लाकडाचा तुकडा किंवा गोणपाट असेल, तर टाकीचा तळ सतत ओला राहतो. लोखंडी टाकीला गंज चढतो. अॅल्युमिनियमची टाकी ओलाव्यात पितळेला चिकटून राहिली, तर अॅल्युमिनियम हळूहळू खाल्ले जाते. प्रथम सुईच्या अग्राएवढे छिद्र पडते, आणि त्यातून पेट्रोल पाझरू लागते.

इंधनाच्या स्वरूपातही आता बदल झाला आहे. भारतात पेट्रोलमध्ये उसाच्या मळीपासून व धान्यापासून तयार केलेले इथेनॉल मिसळतात. २०२५ मध्ये हे प्रमाण शेकडा २० पर्यंत पोहोचले. इथेनॉल पाणी शोषून घेते. पाणी फार झाले, की ते इथेनॉलसह पेट्रोलपासून वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसते. असे मिश्रण यंत्रात गेले, तर यंत्र अडखळते किंवा बंद पडते. जुन्या काळच्या काही रबरी नळ्याही इथेनॉलमुळे फुगतात वा चिरतात. म्हणून टाकी बदलताना जुन्या नळ्या तशाच ठेवणे हा शहाणपणा नव्हे.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा सुमारे तीन ते चार पट जड असते. ती वर उडून न जाता होडीच्या तळाशी साचून राहते. हवेत तिचे प्रमाण शेकडा दीड ते साडेसातच्या दरम्यान असले, तर एका ठिणगीने स्फोट होतो. यामुळेच टाकी बदलण्याचे काम जाणत्या कारागिराचे आहे. मुलांनी ते दुरूनच पाहावे.

कारागीर होडी प्रथम काठावर, मोकळ्या हवेत आणतो. तो बॅटरीच्या तारा सोडतो, फळ्या उघडून वारा खेळू देतो आणि जवळपास विडीकाडीही पेटू देत नाही. नंतर ठिणगी न उडविणाऱ्या पंपाने उरलेले पेट्रोल तो योग्य डब्यांत काढून घेतो. टाकीला जोडलेल्या नळ्या मुख्यतः तीन असतात: एक इंधन भरण्याची, एक यंत्राकडे जाणारी आणि एक टाकीत हवा आत-बाहेर जाऊ देणारी. प्रत्येक नळीला खूण करून मगच तो ती सोडवितो. खूण केली नाही, तर जोडताना घोटाळा होतो.

टाकी रिकामी झाली म्हणजे धोका टळला, असे अनेकांना वाटते. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. काठोकाठ भरलेल्या टाकीत वाफेला जागा नसते. रिकाम्या टाकीत मात्र वाफ व हवा यांचे स्फोटक मिश्रण कोंडलेले असते. अशी टाकी घरच्या घरी कापणे किंवा तिला झाळणे प्राणावर बेतू शकते.

नवी टाकी निवडताना गणित उपयोगी पडते. ६० सेंटिमीटर लांब, ४० सेंटिमीटर रुंद आणि २५ सेंटिमीटर उंच अशा टाकीचे घनफळ ६०,००० घन सेंटिमीटर, म्हणजे ६० लिटर होते. एवढ्या पेट्रोलचे वजन सुमारे ४५ किलोग्रॅम भरते. हे वजन एका बाजूस आले, तर होडी त्या बाजूला कलते. शिवाय उन्हाने पेट्रोल प्रसरण पावते. तापमान दहा अंशांनी वाढले, तर ६० लिटर पेट्रोल सुमारे अर्ध्या लिटरने वाढते. म्हणून टाकी कधीही तोंडापर्यंत भरीत नाहीत. मोठ्या टाकीच्या आत छिद्रे असलेले आडवे पडदे असतात. त्यांमुळे लाटांवर होडी हलली तरी इंधन जोराने उसळत नाही.

नवी टाकी पाणी न शोषणाऱ्या रबरी पट्ट्यांवर ठेवतात, म्हणजे तिच्या खालून हवा खेळते व तळ कोरडा राहतो. पट्ट्यांनी ती घट्ट आवळतात. नळ्याही इंधनासाठीच बनविलेल्या नव्या घालतात. भरण्याच्या तोंडाची धातूची कडी व धातूची टाकी एका तारेने एकमेकांना जोडतात. इंधन वाहताना विजेचा भार निर्माण होतो. तो साचला तर ठिणगी पडू शकते.

सर्व जोडून झाले, तरी कारागीर लगेच पेट्रोल ओतीत नाही. तो टाकीत अगदी थोड्या दाबाने हवा भरतो आणि सांध्यांवर साबणाचे पाणी लावतो. बुडबुडा आला, की तेथे गळती आहे हे कळते. एकही बुडबुडा न येईपर्यंत तो काम पुन्हा पुन्हा तपासतो. पेट्रोल भरल्यावरही तळाशी वास येतो का, हे पाहूनच तो यंत्र सुरू करतो.

होडीत बसणाऱ्याला ही टाकी दिसत नाही. तिला बसविणारे हातही दिसत नाहीत. तरीही भर प्रवाहात त्याचे प्राण त्या हातांच्या प्रामाणिकपणावर अवलंबून असतात. फळ्यांखाली झाकले जाणारे काम जो उघड्यावरील कामाइतक्याच निष्ठेने करतो, तोच खरा कारागीर होय.

स्वाध्याय

१. होडी थांबल्यावर सुकाणूचा उपयोग का होत नाही?
२. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा अधिक धोक्याची का असते?
३. ५० सेंटिमीटर लांब, ३० सेंटिमीटर रुंद व २० सेंटिमीटर उंच टाकीत किती लिटर इंधन मावेल?
४. ‘डोळ्यांआड असणे’ व ‘प्राणावर बेतणे’ या वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.