विकले म्हणजे कमावले नव्हे

या पाठात : छोटा व्यवसाय ‘चालतो आहे’ हे कशावरून ओळखावे, आणि त्यात आपल्या बचतीतली किती रक्कम घालावी.

आपल्यापैकी अनेकांच्या मनात एखादा छोटा धंदा असतो. दिवाळीचा फराळ, मसाले, अगरबत्ती, शिवणकाम, घरगुती डबे. निवृत्तीचे पैसे हातात आले किंवा ठेवीची मुदत पूर्ण झाली, की तो विचार पुन्हा वर येतो. मग पहिला प्रश्न विचारला जातो, “जाहिरात कशी करू?”

प्रश्न चुकीचा नाही, पण तो दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असा : मागणी आली तर मी ती पुरवू शकेन का, आणि पुरवल्यावर माझ्या हातात काय उरेल? या दोन प्रश्नांतला फरक म्हैसूरच्या एका गोष्टीवरून चांगला कळतो.

१. हजार वर्गणीदार, तरीही बंद

दूरदर्शनवरची ‘मालगुडी डेज’ मालिका अनेकांनी पाहिली असेल. तिच्या मूळ कथांचे लेखक आर. के. नारायण म्हैसूरला राहत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांनी ‘इंडियन थॉट’ नावाचे नियतकालिक काढले. त्यांचे एक नातलग मोटारी विकण्याच्या व्यवसायात होते. विक्रीत मुरलेल्या या नातलगांच्या मदतीने एकट्या मद्रास शहरात हजाराहून जास्त वर्गणीदार मिळाले. नव्या नियतकालिकासाठी ही विक्री उत्तमच म्हणायची. तरीही ते वर्षभरही टिकले नाही. व्यवस्थापन नारायण यांना झेपले नाही.

म्हणजे जाहिरात यशस्वी झाली, विक्री झाली आणि धंदा मात्र बंद पडला. असे आजही रोज घडते. त्यामागचा हिशेब समजून घेऊ.

समजा, तुम्ही घरगुती डबे सुरू केले. महिन्याचे ३,००० रुपये आगाऊ, असे २० जण मिळाले. एक तारखेला खात्यात ६०,००० रुपये जमा झाले. त्या दिवशी तुम्ही एकही पोळी लाटलेली नाही. म्हणून हे ६०,००० रुपये तुमची कमाई नाही, ते तुमच्यावरचे देणे आहे. दहा तारखेपर्यंत डबे पोचले, की त्यातले २०,००० रुपये तुमच्या विक्रीत धरायचे. बाकीचे अजून गिऱ्हाइकांचेच आहेत. पहिल्याच आठवड्यात या रकमेतून फ्रिज घेतलात, तर महिन्याच्या अखेरची भाजी आणि पीठ तुमच्या बचत खात्यातून येईल.

नारायण यांची गोष्ट इथे संपत नाही. युद्धामुळे इंग्लंडशी संबंध तुटले, तेव्हा त्यांनी स्वतःची पुस्तके काढण्यासाठी ‘इंडियन थॉट पब्लिकेशन्स’ ही संस्था सुरू केली. ही मात्र टिकली. नाव तेच, माणूसही तोच. मग फरक कुठे? आमच्या मते कामाच्या स्वरूपात. नियतकालिकाला तारीख चुकवता येत नाही, दर अंकाला नवा मजकूर लागतो आणि वर्गणीदाराचे देणे डोक्यावर असते. पुस्तक फळीवर थांबू शकते. आपल्याला झेपेल असा धंदा निवडणे हे जाहिरातीपेक्षा महत्त्वाचे आहे.

२. नाव सोपे, माल एकसारखा

म्हैसूरचेच दुसरे उदाहरण अगरबत्तीचे. एन. रंगराव यांनी १९४८ मध्ये तिथे अगरबत्तीचा व्यवसाय सुरू केला आणि आपल्या मालाला नाव दिले ‘सायकल’. हा शब्द कन्नड, मराठी, तमिळ, हिंदी बोलणाऱ्या सगळ्यांना कळतो आणि उच्चारता येतो. ज्याला वाचता येत नाही, तोही चित्र पाहून पुडा ओळखतो. नाव निवडायला पैसे लागत नाहीत, पण चुकीच्या नावाची किंमत वर्षानुवर्षे द्यावी लागते. गिऱ्हाइकाला दुकानात जाऊन तुमचे नाव सहज मागता आले पाहिजे.

नावाने माल पहिल्यांदा विकला जातो. दुसऱ्यांदा तो विकला जातो त्याच्या दर्जामुळे. हा धडा मुंबईच्या लिज्जत पापडाने घालून दिला आहे. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात महिलांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. सुरुवातीला त्या दोन प्रतींचे पापड करत, एक चांगला आणि एक स्वस्त. त्यांचे मार्गदर्शक छगनलाल पारेख यांनी सल्ला दिला : एकच चांगला पापड करा, दर्जात तडजोड करू नका आणि हिशेब चोख ठेवा. यातल्या तिसऱ्या सल्ल्याकडे आपण सहसा दुर्लक्ष करतो.

पहिल्या वर्षी पावसाळ्यात पापड वाळेनात, म्हणून काम चार महिने थांबवावे लागले. पुढच्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक शेगडी घेऊन तो प्रश्न सोडवला. मोठे यंत्र नव्हे, मोठे कर्जही नव्हे. अडचण जेवढी होती, तेवढाच खर्च केला.

विक्रीबद्दल आणखी एक गोष्ट स्पष्टच सांगतो. पहिल्या महिन्यात नातेवाईक आणि शेजारी जे घेतात, ती बाजारपेठ नव्हे, तो आहेर असतो. त्यावरून पुढच्या वर्षाचा अंदाज बांधू नका. दिवाळीच्या किंवा म्हैसूरच्या दसऱ्याच्या गर्दीतल्या विक्रीवरूनही नको. ओळख नसलेला माणूस तिसऱ्यांदा मागायला आला, की समजा माल खपतो आहे.

३. एकाच महिन्याचे तीन आकडे

आता वही-पेन घ्या. समजा, एक जोडपे घरी अगरबत्ती करून दुकानदारांना देते. एका महिन्याचा हिशेब असा :

विक्री : ४०,००० रुपये
कच्चा माल : २२,००० रुपये
पुडे, छपाई, प्रवास : ५,००० रुपये
दिसणारा नफा : १३,००० रुपये

दोघांना वाटते, १३,००० रुपये सुटले. पण बायको रोज सहा तास काम करते, तिची मजुरी कुठे आहे? तेच काम दुसऱ्याकडून करून घेतले असते, तर समजा ८,००० रुपये लागले असते. ते वजा केले, की खरा नफा ५,००० रुपये. घरच्या माणसाचे काम फुकट नसते, ते फक्त वहीत लिहिलेले नसते.

तिसरा आकडा गल्ल्यातला. ४०,००० रुपयांच्या विक्रीपैकी १२,००० रुपये दुकानदारांकडे उधार आहेत. हातात आले २८,००० रुपये, गेले २७,००० रुपये. उरले फक्त १,००० रुपये. वहीत नफा आहे, पण पुढच्या महिन्याचा कच्चा माल आणायला पैसे नाहीत. मग हात कुठे जातो? बचत खात्याकडे. दर महिन्याला थोडे थोडे काढले जातात, म्हणून ते लक्षात येत नाही. वर्षअखेरीला पासबुक भरून आणले, की कळते.

४. उधारीची मर्यादा आधी ठरवा

उधारीशिवाय धंदा होत नाही, असे दुकानदार सांगतात. त्यात तथ्य आहे. म्हणून उधारी बंद करू नका, तिला कुंपण घाला. एका दुकानाला जास्तीत जास्त किती रुपयांचा माल उधार द्यायचा हे आधीच ठरवा. मागचे पैसे आल्याशिवाय पुढचा माल नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळा. सहा महिन्यांनी सांगितला, तर भांडण होते.

कायद्याचाही आधार आहे. ‘उद्यम’ नोंदणी सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य होते. त्यासाठी पैसे मागणाऱ्या मध्यस्थाची गरज नाही. नोंदणी केलेल्या सूक्ष्म व लघु उत्पादकाचे आणि सेवा देणाऱ्याचे पैसे खरेदीदाराने लेखी करारात ठरलेल्या मुदतीत द्यायचे असतात. ही मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. लेखी करार नसेल, तर मुदत १५ दिवसांची. उशीर झाल्यास व्याज मागता येते. हा २००६ च्या कायद्याने दिलेला हक्क आहे. मात्र कोपऱ्यावरच्या दुकानदाराविरुद्ध कायदा काढला, की ते गिऱ्हाईक बहुधा जाते. म्हणून कायदा शेवटी, मर्यादा आधी.

५. भांडवलासाठी लोकांच्या ठेवी नकोत

धंदा अडला, की ओळखीच्यांकडून ‘महिना दोन टक्क्यांनी’ पैसे घेण्याचा मोह होतो. दोन टक्के थोडे वाटतात, पण वर्षाचे ते २४ टक्के होतात. एवढे कमावून देणारा छोटा धंदा विरळा.

आर. के. नारायण यांच्याच ‘द फायनान्शियल एक्स्पर्ट’ (१९५२) या कादंबरीत मार्गय्या नावाचा माणूस आहे. सुरुवातीला तो सहकारी बँकेसमोर वडाखाली पत्र्याची पेटी घेऊन बसतो आणि शेतकऱ्यांना कर्जाचे अर्ज भरून देतो. पुढे तो वीस टक्के व्याजाचे आमिष दाखवून लोकांच्या ठेवी घेऊ लागतो आणि नव्या ठेवींतून जुन्यांचे व्याज देतो. लोक रांगा लावतात. एक दिवस अफवा पसरते, सगळे एकदम पैसे परत मागायला येतात आणि तो बुडतो. त्याची विक्री जोरात होती, पण विकायला माल नव्हता.

गोष्ट काल्पनिक आहे, पण तिच्यासारखे प्रकार खरे आहेत. परवानगीशिवाय लोकांकडून ठेवी गोळा करण्याच्या योजनांवर २०१९ च्या कायद्याने बंदी आहे. व्यावसायिक म्हणून अशा ठेवी घेऊ नका आणि बचतदार म्हणून देऊ नका. भांडवल हवे असेल, तर बँकेत मुद्रा कर्जाची चौकशी करा. त्यातल्या ‘शिशू’ गटात ५०,००० रुपयांपर्यंत कर्ज मिळते आणि त्याला तारण लागत नाही.

लक्षात ठेवा

• घरखर्चाची सहा महिन्यांची रक्कम बाजूला ठेवा. तिला धंद्यासाठी हात लावू नका.
• राहिलेल्या बचतीतून किती रक्कम बुडाली तरी चालेल, तो आकडा घरच्यांसमोर कागदावर लिहा. तेवढेच भांडवल. ते संपले, की थांबून विचार करायचा.
• धंद्याचे खाते वेगळे ठेवा. घरखर्चासाठी त्यातून महिन्यातून एकदा, ठरलेली रक्कम घ्या.
• आगाऊ आलेला पैसा वहीत ‘देणे’ म्हणून लिहा.

स्वतः करून पाहा

तुमचा धंदा असेल, तर मागच्या महिन्याचे तीन आकडे काढा : दिसणारा नफा, घरच्यांची मजुरी वजा करून उरलेला नफा आणि प्रत्यक्ष हातात राहिलेली रक्कम. त्याशेजारी चौथा आकडा लिहा : त्या महिन्यात बचत खात्यातून धंद्यासाठी किती काढले. चौथा आकडा सलग तीन महिने दिसला, तर जाहिरात वाढवू नका. आधी उधारी वसूल करा, मग किंमत तपासा आणि तरीही जमले नाही, तर धंदा लहान करा. धंदा लहान करण्यात कमीपणा नाही. आयुष्यभराची बचत त्यात गेली, तर ती पुन्हा उभी करायला मात्र वय उरत नाही.