भाचीला पत्र : रेसिंग सिम्युलेटर निवडताना

नागपूर

चि. सोनूस,


तुझा लांबलचक मेसेज मिळाला. बारावीची परीक्षा संपली, घरात कॉम्प्युटर आला आणि आता त्यावर खराखुरा रेसिंग सिम्युलेटर हवा, तर कोणता घेऊ, असं तू विचारलंस. सोबत पाठवलेले व्हिडिओ मी शेवटपर्यंत पाहिले. त्या सगळ्यांमध्ये ओल्या रस्त्यावरची प्रतिबिंबं आहेत, मावळतीचं ऊन आहे, बॉनेटवरची चमक आहे. गाडी वळताना तिचं वजन कुठे सरकतं, यावर मात्र एकही जण बोलत नाही. पॉलिटेक्निकात ऑटोमोबाइल शिकवणाऱ्या तुझ्या मावशीला नेमकं तेच महत्त्वाचं वाटतं, म्हणून मेसेजमध्ये उत्तर न देता हे पत्र लिहिते आहे.

माझा निकष एकच आहे. गाडी ट्रॅकबाहेर गेली, की ती का गेली हे तुला त्या खेळातून कळलं पाहिजे. ज्या खेळात हे कळतं तो सिम्युलेटर. ज्यात कळत नाही तो करमणुकीचा खेळ. तोही खुशाल खेळ, पण त्यातून ड्रायव्हिंग शिकायला मिळेल अशी आशा धरू नकोस.

चित्रांचा आणि खरेपणाचा संबंध किती थोडा आहे, हे या खेळांच्या इतिहासातच दिसतं. अमेरिकेत डेव्ह केमर या प्रोग्रॅमरच्या पपायरस कंपनीने १९८९ साली ‘इंडियानापोलिस ५०० : द सिम्युलेशन’ हा खेळ काढला. मग १९९८ मध्ये ‘ग्रँड प्रिक्स लेजेंड्स’ आला. तो १९६७ च्या फॉर्म्युला वन हंगामावर बेतलेला होता. त्या काळच्या गाड्यांना हवेने खाली दाबून धरणारे पंख नव्हते आणि ताकद मात्र भरपूर होती. साहजिकच नवख्याची गाडी पहिल्याच वळणावर गरगर फिरायची आणि खेळ फार अवघड आहे अशी ओरड व्हायची. आज त्यातली झाडं आणि माणसं तुला पुठ्ठ्याची वाटतील. तरीही जाणकार त्याचं नाव अजून आदराने घेतात, कारण वजन आणि टायर यांचं गणित त्यात मनापासून मांडलेलं होतं. याच केमरने पुढे ‘आयरेसिंग’ उभं केलं. ते २००८ मध्ये सुरू झालं.

आता हे गणित समजून घे, कारण खेळ पारखायचं साधन तेच आहे. टायरची पकड घरखर्चाच्या पैशासारखी असते. ब्रेकवर जेवढी खर्च झाली तेवढी वळण्यासाठी उरत नाही. शिवाय ती चारही चाकांना सारखी मिळत नाही. ब्रेक दाबला की वजन पुढे येतं, पुढच्या टायरांची पकड वाढते आणि मागचा भाग हलका होतो. ॲक्सिलरेटर दाबला की याच्या उलट. वळणात बाहेरच्या बाजूच्या चाकांवर भार येतो. आणखी एक गोष्ट पुस्तकात सहसा लवकर सांगत नाहीत: वळताना टायर ज्या दिशेला तोंड करून असतो, अगदी त्याच दिशेला तो जात नाही, थोडा तिरका सरकत असतो. साध्या रस्त्यावरच्या टायरची सगळ्यात जास्त पकड साधारण सहा ते दहा अंशांच्या तिरकसपणाला मिळते. त्यापुढे गेलं की पकड हळूहळू घसरते. चांगला सिम्युलेटर हा उतार दाखवतो. वाईट खेळात गाडी एक तर रुळावर असल्यासारखी धावते, नाही तर एकदम बर्फावर आल्यासारखी सुटते.

कोणताही खेळ उतरवलास की आधी शर्यत लावू नकोस. रिकाम्या ट्रॅकवर एकटी जा आणि हे करून बघ. फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडी घे, लांब वळणात एकसारख्या वेगाने ठेव आणि ॲक्सिलरेटर आणखी दाब. नाक बाहेर जायला हवं, कारण ओढायचं आणि वळवायचं ही दोन्ही कामं पुढच्याच चाकांना करायची आहेत. तिथेच पाय एकदम उचल; नाक आत यायला हवं. रिअर व्हील ड्राइव्ह गाडीत हेच केलंस तर ॲक्सिलरेटर जास्त झाल्यावर मागचा भाग सुटला पाहिजे आणि स्टिअरिंग उलटं फिरवून तो सावरताही आला पाहिजे. मग एबीएस बंद कर आणि सरळ रस्त्यावर पूर्ण ब्रेक दाबून स्टिअरिंग वळव. चाकं जाम झालेली असताना गाडी वळताच कामा नये, आणि ब्रेक जरा सोडताच वळली पाहिजे.

शेवटची परीक्षा तुझ्या ओळखीच्या रस्त्याची आहे. साकोलीकडून तुमच्या देवरीला येताना मासुलकसा घाटात ट्रकवाले उताराला खालच्या गिअरमध्ये, इंजिनाच्या जोरावर गाडी धरून ठेवतात, हे तू लहानपणापासून पाहिलं आहेस. ते इंजिनाचं ओढणं खेळात आहे का बघ. रिअर व्हील ड्राइव्ह गाडीत वेग जास्त असताना आणि गाडी वळणात असताना फार खालचा गिअर टाकलास, तर मागची चाकं पकड सोडतात आणि गाडी फिरते. ज्या खेळात यातलं काहीच होत नाही, तो कितीही देखणा असला तरी काढून टाक.

आता तुझ्या कॉम्प्युटरबद्दल. भाऊजींनी सांगितलं की त्यात वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस आणि त्यासाठी घरी हट्टही धरू नकोस. सेकंदाला ६० चित्रं न अडखळता दिसणं, हे सावल्या आणि प्रतिबिंबं यांच्यापेक्षा कितीतरी महत्त्वाचं असतं, कारण गाडी सुटते आहे हे डोळ्याला उशिरा कळलं तर हात उशिरा फिरतात. सावल्या, आरशातली दृश्यं, गर्दी, धूर हे सगळं कमी कर; खेळाचं गणित त्याने बदलत नाही.

सुरुवात ‘लाइव्ह फॉर स्पीड’पासून कर. स्कॉवेन रॉबर्ट्स, एरिक बेली आणि व्हिक्टर फान फ्लार्डिंगेन या तिघांनीच तो बनवला आणि २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांपासून ते त्यावर काम करत आले आहेत. त्याचा डेमो फुकट आहे. डेमोत ब्लॅकवूड हा एक ट्रॅक आणि तीन गाड्या मिळतात: एक फ्रंट व्हील ड्राइव्ह, एक रिअर व्हील ड्राइव्ह आणि एक छोटी, उघड्या चाकांची रेसिंग कार. वर सांगितलेल्या सगळ्या परीक्षा एवढ्यात होतात. डाउनलोड आजच्या खेळांच्या मानाने लहान आहे, खेळ साध्या कॉम्प्युटरवर चालतो आणि माउसने स्टिअरिंग फिरवायची त्यात चांगली सोय आहे. कीबोर्डने मात्र शिकू नकोस. कीबोर्डचं बटण एक तर पूर्ण दाबलेलं, नाही तर सोडलेलं. आणि ड्रायव्हिंगची सगळी कला त्या दोहोंच्या मधल्या जागेत आहे.

डेमोत मन रमलं तर पैसे देऊन घ्यायचा पहिला खेळ ‘असेतो कोर्सा’, म्हणजे २०१४ चा मूळ. इटलीच्या कुनोस सिम्युलात्सियोनी कंपनीचा हा खेळ इतका जुना आहे की आता हलक्या ग्राफिक्स कार्डवरही चालतो. तुझ्या कॉम्प्युटरवर सगळं खालच्या सेटिंगला ठेवून, एकटीच गाडी घेऊन चालतो का ते बघावं लागेल. त्यातले माँझा, इमोला, मुजेल्लो असे ट्रॅक लेझरने मोजून घेतलेले आहेत, म्हणजे खऱ्या डांबरावरचे उंचवटे खेळातही आहेत. तू माँझाकडे धावू नकोस. माजोने हा अडीच किलोमीटरचा छोटा ट्रॅक घे, गाडी अबार्थ ५०० घे, आणि ती हातात बसली की जुनी बीएमडब्ल्यू एम३ ई३० घे. खरेदी स्टीम या ऑनलाइन दुकानातून कर. सेलमध्ये त्याची किंमत बरीच उतरते. स्टीमवर घेतलेला खेळ १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मागता येतात. तेवढ्या वेळात तुझ्या कॉम्प्युटरला तो झेपतो का ते कळेल. मित्राच्या पेनड्राइव्हवरची चोरीची कॉपी मात्र घेऊ नकोस. तिच्याबरोबर काय काय कॉम्प्युटरात शिरेल सांगता येत नाही, आणि ज्यांनी टायरच्या गणितात वर्षं घातली त्यांचा मोबदला बुडतो.

बाकीच्या नावांचं थोडक्यात सांगते. ‘असेतो कोर्सा कॉम्पेतित्सिओने’ जीटी गाड्यांसाठी उत्तम, पण तुझ्या कॉम्प्युटरसाठी फार जड. ‘रेसरूम’ फुकट सुरू करता येतो, गाड्या आणि ट्रॅक मात्र विकत घ्यावे लागतात. त्याचा इंजिनाचा आवाज ऐकण्यासारखा आहे. ब्राझीलच्या रायझा स्टुडिओचा ‘ऑटोमोबिलिस्ता २’ नंतर कधीतरी. ‘आयरेसिंग’ आत्ता नकोच. त्याची वर्गणी डॉलरमध्ये, पुढच्या बहुतेक गाड्या आणि ट्रॅक वेगळे विकत घ्यायचे, आणि तो खेळायला इंटरनेट सतत लागतं. पावसाळ्यात देवरीची वीज आणि नेट कसं असतं ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

स्टिअरिंग व्हील घ्यावं का, असंही विचारलंस. घ्यावं, पण वर्षभर थांबून. तोवर माउस किंवा साधा गेमपॅड पुरतो. घेशील तेव्हा फोर्स फीडबॅक असलेलं घे. लॉजिटेकचं जी२९ किंवा जुनं जी२७ चालू स्थितीत मिळालं तरी पुरेसं आहे. फोर्स फीडबॅकचं काम स्टिअरिंग नुसतं थरथरवणं नव्हे. खऱ्या गाडीत पुढचे टायर पकडीच्या टोकाशी आले की स्टिअरिंग हाताला हलकं लागायला लागतं, आणि ते पकड पूर्ण सुटण्याच्या आधी घडतं. ही सूचना हाताला मिळावी, यासाठीच त्याचे पैसे मोजायचे. टेबल मात्र भक्कम हवं.

एक सेटिंग फुकटचं आहे आणि फार थोडे लोक ते नीट करतात. पडद्यावर किती अंशांचं दृश्य दाखवायचं, ते. तुझा मॉनिटर २२ इंची आहे, म्हणजे त्याची उंची साधारण २७ सेंटिमीटर. डोळे पडद्यापासून ६० सेंटिमीटरवर असतील तर उंचीच्या अर्ध्याला अंतराने भाग, त्याचा टॅन इन्व्हर्स काढ आणि दुप्पट कर. उत्तर २६ अंशांच्या आसपास येईल. असेतो कोर्सात हा उभा कोन तसाच भरता येतो. आधी खिडकी फार अरुंद वाटेल आणि वेग कमी झाल्यासारखा वाटेल. पण वळण किती दूर आहे याचा अंदाज खरा यायला लागेल, आणि ब्रेक कुठे दाबायचा ते त्या अंदाजावरच ठरतं.

सराव एका गाडीत, एका ट्रॅकवर कर. रोज नवी गाडी घेणाऱ्याला कोणतीच गाडी कळत नाही. सगळ्यात वेगवान फेरीच्या मागे लागण्याऐवजी सलग दहा फेऱ्या बाहेर न जाता पूर्ण कर आणि त्यांतली सगळ्यात जलद आणि सगळ्यात मंद फेरी यांच्यातला फरक वहीत लिही. तो फरक एका सेकंदाच्या आत आला की मगच ब्रेक थोडा उशिरा दाबून बघ. आपल्याकडच्या शंकरपटात बैलजोडी सरळ रेषेत सुटते. सर्किटवर वेळ मिळतो किंवा हरवतो तो वळणाच्या आधीच्या ब्रेकमध्ये.

यातून खरी रेसिंग होते का, हा तुझा शेवटचा प्रश्न. होऊ शकते. अमेरिकेतला विल्यम बायरन किशोरवयात आयरेसिंगवर शिकला आणि त्याने २०२४ व २०२५ अशी लागोपाठ दोन वर्षं डेटोना ५०० ही शर्यत जिंकली. पण मधल्या वर्षांत तो खऱ्या गाड्यांत बसला, आणि त्यासाठी पैसा लागतो. आपल्याकडे कोल्हापुरात मोहिते मंडळींनी कार्टिंगचा ट्रॅक उभारला, त्याच कोल्हापूरचा कृष्णराज महाडिक ब्रिटिश फॉर्म्युला ३ मध्ये उतरला. पुण्याच्या डायना पुंडोले यांनी २०२४ मध्ये सलून कारच्या राष्ट्रीय स्पर्धेत पुरुषांना मागे टाकून अजिंक्यपद मिळवलं. आपल्या देशातले मोठे ट्रॅक मात्र चेन्नईजवळ, कोइमतूरला आणि ग्रेटर नोएडाला. विदर्भात एकही नाही. म्हणून त्या वाटेचा विचार करायचाच असेल तर आधी इंजिनिअरिंगचा अभ्यास सांभाळून कर. रेसिंग टीमला ड्रायव्हर एक लागतो, पण टायर आणि सस्पेन्शनचा डेटा वाचणारी माणसं कितीतरी लागतात.

एवढं मात्र ऐक. पडद्यावर पकडीच्या टोकाशी खेळायला शिकलीस म्हणून ते स्कूटीवर हायवेला करून बघायचं नाही. तिथे शिरपूरच्या नाक्याकडे जाणारे ट्रक असतात, आणि तुझ्या टायरखाली खडी किंवा सांडलेलं डिझेल असेल की नाही ते आधी कळत नाही.

डेमो उतरव, आधी सांगितलेल्या परीक्षा कर आणि ब्लॅकवूडवरच्या पहिल्या दहा फेऱ्यांच्या वेळा मला लिहून पाठव. सोबत प्रत्येक वेळी गाडी का सुटली तेही लिही. ताईला आणि भाऊजींना नमस्कार.

तुझी,
मावशी